‘पेक्षा’च्या अलीकडे काय आहे ते आधी बघा: इंग्रजी तुलना आणि आवडनिवड स्पॅनिशमध्ये नेताना

इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतर शिकणाऱ्या मराठी मुलांना मी पहिल्या आठवड्यातच एक सवय लावते. तुलनेचं वाक्य समोर आलं, की ते आधी मनातल्या मनात पूर्ण मराठीत म्हणायचं आणि मगच स्पॅनिश लिहायचं. मुलांना हा वळसा वाटतो. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही युरोपातल्या, मग मध्येच मराठी कशाला? कारण तुलना आणि आवडनिवड सांगताना इंग्रजी फार काही गिळून टाकते. ‘दॅन’ आणि ‘अ‍ॅज’ एवढ्या दोन शब्दांवर तिचं भागतं. स्पॅनिशला मात्र कशाची तुलना कशाशी चालली आहे ते उघड करावं लागतं, आणि मराठीलाही बऱ्याच वेळा करावं लागतं. ‘जितका-तितका’, ‘त्यापेक्षा’, ‘च्या वर’, ‘मला आवडतं’, शब्दाला चिकटणारा ‘-च’ या आपल्या रोजच्या गोष्टी इथे कामाला येतात. काही जागी मराठीही चकवते, त्या जागा त्या-त्या ठिकाणी सांगते.

मी पुण्यात बसून हे काम करते आणि त्यातलं बरंचसं मेक्सिकोसाठी असतं: हॉटेल बुकिंगची अ‍ॅप, विम्याची पत्रकं, मिक्सर-फ्रिजसोबत येणारी माहितीपुस्तकं. त्यामुळे स्पॅनिश शब्द इथे लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. स्पेनमध्ये ‘बेस’च्या जागी ‘बेथ’ ऐकू येईल. व्याकरणात जिथे देशादेशांत फरक आहे तिथे तसं म्हणेन.

आधी ‘मास’ विसरू नका

साधी तुलना सोपी आहे. जास्त असेल तर ‘मास… के’, कमी असेल तर ‘मेनोस… के’. ‘ती माझ्यापेक्षा उंच आहे’ म्हणजे ‘एस मास आल्ता के यो’. इथेच मराठीचा पहिला चकवा आहे. आपण ‘माझ्यापेक्षा जास्त उंच’ असं क्वचितच म्हणतो, ‘माझ्यापेक्षा उंच’ एवढं पुरतं, कारण तुलनेचं सगळं ओझं ‘पेक्षा’ वाहून नेतो. स्पॅनिशमध्ये ‘के’ एकटा ते ओझं उचलत नाही. ‘एस आल्ता के यो’ हे वाक्य मेक्सिकन वाचकाला अर्धवट वाटतं. पुण्या-मुंबईतल्या नवशिक्या भाषांतरात ही चूक मला नेहमी दिसते आणि ती इंग्रजीतून आलेली नसते, आपल्या भाषेतून आलेली असते.

चार विशेषणांना स्वतःची रूपं आहेत: ‘मेखोर’ म्हणजे अधिक चांगला, ‘पेओर’ म्हणजे अधिक वाईट, ‘मायोर’ वयाने मोठा, ‘मेनोर’ वयाने लहान. यांच्याआधी ‘मास’ लावायचं नाही. ‘मायोर-मेनोर’ लक्षात ठेवायला आपल्याकडे थोरला-धाकटा आहेतच. मेक्सिकोत बोलताना वयासाठीही ‘मास ग्रान्दे’ सर्रास म्हणतात, आपण ‘मोठा भाऊ’ म्हणतो तसंच. संवाद असेल तर ते बेलाशक वापरा. विम्याच्या अर्जात मात्र ‘मायोर’च शोभतं.

एका वाक्यात दोन ‘दॅन’

आता खरं अवघड दुखणं. हॉटेलच्या अ‍ॅपमध्ये या धर्तीचं वाक्य असतंच असतं: ‘चूज फ्रॉम मोर दॅन थ्री हंड्रेड होटेल्स, फॉर लेस दॅन यू थिंक.’ नवीन माणूस दोन्ही ‘दॅन’ना ‘के’ करून मोकळा होतो, आणि दोन्ही चुकतात. बरोबर वाक्य असं: ‘एलिखे एन्त्रे मास दे त्रेसिएन्तोस ओतेलेस पोर मेनोस दे लो के इमाखिनास.’ दोन्हीकडे ‘दे’ आला आहे, पण दोघांची कारणं वेगळी आहेत.

पहिला ‘दे’ आकड्यामुळे आला. मोजमाप सांगायचं असेल, एखादी संख्या किंवा प्रमाण ओलांडलं गेलं एवढंच म्हणायचं असेल, तर ‘मास दे’. तीनशेहून अधिक हॉटेलं, निम्म्याहून अधिक पाहुणे, एकाहून अधिक वेळा: ‘मास दे त्रेसिएन्तोस ओतेलेस’, ‘मास दे ला मिताद दे लोस उएस्पेदेस’, ‘मास दे उना बेस’. ओळखायची खूण मराठीतच आहे. ‘पेक्षा’च्या जागी ‘च्या वर’ घालून बघा. ‘तीनशेच्या वर हॉटेलं’ चाललं ना? मग ‘दे’.

ही खूण किती खरी उतरते ते पाहायचं तर एक प्रसिद्ध वाक्य घ्या: एक चित्र हजार शब्दांपेक्षा मोलाचं असतं. स्पॅनिशमध्ये ‘उना इमाखेन बाले मास के मिल पालाब्रास’. आकडा समोर आहे, तरी ‘के’. कारण इथे हजाराचा आकडा ओलांडला जात नाही, चित्र आणि शब्द अशा दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या आहेत. मराठीत ‘चित्राचं मोल हजार शब्दांच्या वर आहे’ असं म्हणून बघा, कानाला खटकतं. खटकलं की ‘के’.

नकार आला की अर्थ आणखी बारीक होतो. ‘नो तेन्गो मास दे सिएन पेसोस’ म्हणजे माझ्याकडे शंभराच्या वर पेसो नाहीत, कदाचित ऐंशीही असतील. ‘नो तेन्गो मास के सिएन पेसोस’ म्हणजे माझ्याकडे शंभरच पेसो आहेत. त्या एका ‘-च’साठी इंग्रजीला ‘ओन्ली’ लागतं, स्पॅनिश ‘नो… मास के’ वापरते. विम्याच्या पत्रकात ‘नो मोर दॅन’ आलं, की आधी ठरवा: कमाल मर्यादा सांगितली आहे की ‘एवढंच’ म्हटलं आहे? मर्यादा असेल तर ‘नो मास दे’. इथे गल्लत झाली तर दाव्याची रक्कम वेगळी वाचली जाते.

दुसऱ्या ‘दॅन’कडे येऊ. ‘लेस दॅन यू थिंक’. ‘दॅन’च्या पुढे इथे अख्खं वाक्य आहे, क्रियापदासकट. मराठीत आपण काय म्हणू? ‘तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी.’ तो ‘त्या’ बघा. क्रियापद असलेलं वाक्य ‘पेक्षा’ला जोडायचं तर मराठी मध्ये एक सर्वनाम घालते, आणि स्पॅनिशही तेच करते. ‘त्यापेक्षा’ म्हणजे ‘दे लो के’. इंग्रजीत या सर्वनामाचा मागमूस नसतो, म्हणून इंग्रजीवरून थेट येणाऱ्याला ते सुचत नाही. आपल्याला सुचायला हवं, कारण आपण ते रोज बोलतो. वाटलं होतं त्यापेक्षा महाग आहे: ‘एस मास कारो दे लो के पेन्साबा’. मिळवतो त्यापेक्षा जास्त उडवतो: ‘गास्ता मास दे लो के गाना’.

पुढची पायरी सगळ्यात जास्त चुकते. तुलना नामाची असेल, म्हणजे जास्त आंबे, जास्त पैसे, जास्त माणसं, तर ‘लो’ चालत नाही. त्या नामाचं लिंग-वचन धरावं लागतं. लागत होते त्यांपेक्षा जास्त आंबे घेतले: ‘कोम्प्रे मास मान्गोस दे लोस के नेसेसिताबा’. अपेक्षा होती त्यापेक्षा जास्त माणसं आली: ‘बीनो मास खेन्ते दे ला के एस्पेराबामोस’, कारण ‘खेन्ते’ स्त्रीलिंगी एकवचनी आहे. पुल्लिंगी एकवचनात ‘दे’ आणि ‘एल’ मिळून ‘देल’ होतो: ‘मास दिनेरो देल के तेन्गो’, माझ्याकडे आहे त्यापेक्षा जास्त पैसा. मी शिकवताना मुलांना वाक्याच्या खाली मराठी लिहायला लावते आणि ‘त्यापेक्षा’तला ‘त्या’ कोणाचा, असं विचारते. महागपणाचा असेल तर ‘लो’. आंब्यांचा असेल तर ‘लोस’.

‘अ‍ॅज… अ‍ॅज’ आणि जितका-तितका

बरोबरी सांगताना विशेषण किंवा क्रियाविशेषण असेल तर ‘तान… कोमो’, नाम असेल तर ‘तान्तो… कोमो’. नामाबरोबरचा ‘तान्तो’ आपल्या ‘तितका’सारखाच बदलतो: तितकी पुस्तकं, तितके पैसे, तितका वेळ. ‘तान्तोस लिब्रोस कोमो’, ‘तान्ता आग्वा कोमो’. इंग्रजीतल्या ‘अ‍ॅज मच’ आणि ‘अ‍ॅज मेनी’ मधून लिंग कळत नाही, मराठीतून ते आपोआप डोळ्यासमोर येतं, फक्त लिंग स्पॅनिश नामाचं घ्यायचं. क्रियापदाबरोबर ‘तान्तो कोमो’ एकत्र आणि न बदलता: ‘त्राबाखा तान्तो कोमो यो’, तो माझ्याइतकंच काम करतो.

एकच सावधगिरी. मराठीत ‘इतकी उंच’, ‘इतका उंच’ असं विशेषणाआधीही रूप बदलतं. स्पॅनिशमध्ये ‘तान’ बदलत नाही. ‘तान्ता आल्ता’ असं काही नसतं, मुलगी असो की मनोरा, ‘तान आल्ता’, ‘तान आल्तो’.

‘द मोर, द बेटर’ ही रचना इंग्रजीतून बघितली तर विचित्र वाटते, मराठीतून घरचीच वाटते. जितकं लवकर तितकं बरं: ‘क्वान्तो आन्तेस, मेखोर’. ‘क्वान्तो’ म्हणजे जितका, आणि नाम आलं की तोही बदलतो: ‘क्वान्तास मास नोचेस से केदे, मेनोस पागा पोर कादा उना’, जितक्या जास्त रात्री राहाल तितके दर रात्रीचे पैसे कमी. या वाक्यातलं ‘केदे’ हे संशयार्थी रूप आहे. गोष्ट अजून घडायची असेल तर पहिल्या भागात हे रूप लागतं. इंग्रजीत त्याचं काहीच चिन्ह नसतं. मेक्सिकोत याच जागी ‘एन्त्रे मास… मास’ आणि लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘मिएन्त्रास मास’ म्हणतात. लिखित, सगळ्या देशांना चालणारं हवं असेल तर ‘क्वान्तो’ ठेवा.

‘मोर अँड मोर’साठी ‘मास इ मास’ लिहू नका. ‘कादा बेस मास’ हाच नेहमीचा प्रयोग आहे, आपल्या ‘दिवसेंदिवस’च्या जवळचा. दुप्पट-तिप्पट-निम्मे यांसाठी ‘एल दोब्ले’, ‘एल त्रिप्ले’, ‘ला मिताद’ आहेत. ‘दोस बेसेस मास ग्रान्दे’ या शब्दांवर दुप्पट की तिप्पट असा वाद निघू शकतो, म्हणून आकड्यांच्या मजकुरात ‘एल दोब्ले दे ग्रान्दे’ लिहावं. ‘खूप’चंही एक सांगून टाकते: ‘मुइ मेखोर’ होत नाही, ‘मुचो मेखोर’ होतं, आणि नामाआधी ते बदलतं, ‘मुचा मास खेन्ते’, ‘मुचोस मास ओतेलेस’.

कधी नव्हे एवढं

‘मोर दॅन एव्हर’, ‘बेटर दॅन एनिवन’, ‘मोर दॅन एनिथिंग’. इंग्रजीत हे सगळे शब्द होकारी दिसतात. स्पॅनिशमध्ये तुलनेनंतर नकारी शब्द येतो: ‘मास के नुन्का’, ‘मेखोर के नादिए’, ‘मास के नादा’. म्हणजे शब्दशः ‘कधीच नाहीपेक्षा जास्त’. इंग्रजी डोक्यात ठेवून लिहिणारे इथे अडतात. पण ‘यंदा कधी नव्हे एवढी गर्दी होती’ हे वाक्य आपल्या तोंडी असतंच ना? तो ‘नव्हे’ आणि स्पॅनिशमधला ‘नुन्का’ एकाच कामाला आले आहेत. ‘ऊबो मास खेन्ते के नुन्का’.

सर्वांत, आणि वर्गातला

सर्वांत उंच, सर्वांत स्वस्त यांसाठी आधी निश्चित उपपद आणि मग ‘मास’: ‘एल ओतेल मास बारातो’. पुण्यात फ्रेंच शिकून मग स्पॅनिशकडे वळलेले बरेच जण असतात. फ्रेंचमध्ये नामाआधी आणि विशेषणाआधी असं दोनदा उपपद येतं, स्पॅनिशमध्ये ते दुसऱ्यांदा येत नाही.

वाहाका हे मेक्सिकोतलं एक शहर. ‘द बेस्ट होटेल इन वाहाका’ हे ‘एल मेखोर ओतेल दे वाहाका’. ‘इन’ पाहून ‘एन’ लिहू नका. आपणही ‘वाहाकातलं सर्वांत चांगलं हॉटेल’ म्हणतो, ‘वाहाकात’ म्हणून थांबत नाही. त्या ‘-तलं’ मध्ये जो ‘चा’चा वास आहे तोच ‘दे’.

क्रियाविशेषण असेल तर उपपद गळतं: ‘लो के मास मे गुस्ता’, मला सगळ्यात जास्त आवडतं ते. आणि ‘बेटर’, ‘बेस्ट’ हा फरक स्पॅनिश करत नाही. दोन्ही ‘मेखोर’. दोघांतला चांगला की सगळ्यांतला चांगला हे मूळ मजकुरात महत्त्वाचं असेल, तर ‘दे लोस दोस’ असं उघड लिहा.

‘दॅन’ नसलेल्या तुलनाही इंग्रजीत खूप असतात. ‘ओल्डर पीपल’ म्हणजे ‘पेर्सोनास मायोरेस’, ज्येष्ठ नागरिक. तिथे कोणापेक्षा म्हातारे असा प्रश्नच नसतो. हॉटेलच्या नियमांत ‘मेनोरेस दे दोसे आन्योस’, बारा वर्षांखालची मुलं. वयाचा आकडा आहे, म्हणून ‘दे’.

मला आवडतं: इथे आपण इंग्रजीच्या पुढे आहोत

आवडनिवड हा माझा लाडका भाग, कारण इथे मराठी माणसाला जे जन्मापासून येतं ते इंग्रजी माणसाला घोकून शिकावं लागतं. ‘आय लाइक मँगोज’ मध्ये ‘मी’ कर्ता आहे. ‘मला आंबे आवडतात’ मध्ये आंबे कर्ता आहेत आणि क्रियापद आंब्यांच्या मागे चालतं. ‘मे गुस्तान लोस मान्गोस’ अगदी तसंच आहे: ‘मे’ म्हणजे मला, ‘गुस्तान’ म्हणजे आवडतात. चहा आवडतो, ‘मे गुस्ता एल ते’. एक फरक लक्षात ठेवा. सर्वसाधारण आवड सांगताना स्पॅनिशला नामाआधी उपपद हवंच, नुसतं ‘मान्गोस’ चालत नाही.

तुलना यात सहज बसते. ‘मे गुस्तान मास लोस मान्गोस के लास पिन्यास’, मला अननसांपेक्षा आंबे जास्त आवडतात. इंग्रजीत ‘लाइक बेटर’ असेल तरी ‘मेखोर’ आणू नका, आवडीसाठी ‘मास’च. या क्षणाला काहीतरी खावंसं वाटतंय असं म्हणायचं असेल तर मेक्सिकोत ‘से मे अन्तोखा’ आणि स्पेनमध्ये ‘मे आपेतेसे’ म्हणतात, आणि ती दोन्हीही ‘मला’वालीच क्रियापदं आहेत.

आता एक वाक्य बारकाईने बघू. ‘आना लाइक्स पेद्रो मोर दॅन मी.’ अर्थ दोन निघतात. एक, आनाला पेद्रो जितका आवडतो तितका मला आवडत नाही. दोन, आनाला मी आवडतो त्यापेक्षा पेद्रो जास्त आवडतो. मराठीतलं ‘आनाला माझ्यापेक्षा पेद्रो जास्त आवडतो’ हेही काटेकोरपणे पाहिलं तर दुहेरीच आहे, ‘माझ्यापेक्षा’ मध्ये ‘मला’ आणि ‘मी’ दोन्ही विरघळून जातात. स्पॅनिशमध्ये मात्र निवड करावीच लागते. ‘आ आना ले गुस्ता पेद्रो मास के आ मी’: इथला ‘आ मी’ म्हणजे आपला ‘मला’, तेव्हा पहिला अर्थ. ‘आ आना ले गुस्ता पेद्रो मास के यो’: ‘यो’ म्हणजे मी, तेव्हा दुसरा, जीव तोडणारा अर्थ. उच्चार सारखा म्हणून स्पॅनिश ‘मी’ला मराठी ‘मी’ समजू नका, तो ‘मला’च्या घरचा आहे. उपाय एकच: ‘माझ्यापेक्षा’ मोडून ‘मला आवडतो त्यापेक्षा’ की ‘मी आवडतो त्यापेक्षा’ असं पूर्ण म्हणा, मग स्पॅनिश रूप स्वतःच ठरतं. मूळ मजकुरावरून अर्थ ठरत नसेल तर अंदाज बांधू नका, काम देणाऱ्याला विचारा. असा प्रश्न विचारणारा भाषांतरकार त्यांना हवाच असतो.

प्रेफेरिर

‘प्रिफर’साठी ‘प्रेफेरिर’ आहे, पण त्याची जोडणी ‘के’ने होत नाही, ‘आ’ने होते. ‘प्रेफिएरो एल काफे आल ते’, चहापेक्षा कॉफी बरी. ‘आ’ आणि ‘एल’ मिळून ‘आल’ झालं. बोलताना ‘प्रेफिएरो काफे के ते’ ऐकू येतं, छापील मजकुरात टाळा. क्रम इथे महत्त्वाचा आहे. मराठीत नाकारलेली गोष्ट आधी येते, ‘चहापेक्षा कॉफी’, स्पॅनिशमध्ये पसंतीची आधी. मराठीच्या ओघात ‘एल ते आल काफे’ लिहिलं गेलं तर व्याकरण शुद्ध राहतं आणि अर्थ बरोबर उलटा होतो. अशी चूक शब्दतपासणीत सापडत नाही. म्हणून ‘प्रेफेरिर’चं प्रत्येक वाक्य मी शेवटी मुळाशी पुन्हा ताडून बघते.

‘जास्त पसंत’ म्हणायची आपली सवय असल्यामुळे ‘प्रेफिएरो मास’ हातातून निघतं. ‘प्रेफेरिर’मध्ये जास्तपणा आधीच आहे, ‘मास’ काढून टाका. दोन क्रिया असतील तर ‘प्रेफिएरो कामिनार आ मानेखार’, गाडी चालवण्यापेक्षा चालणं बरं. माणसं असतील तर पंचाईत होते, कारण माणसाआधी तसाही ‘आ’ लागतो आणि एकापाठोपाठ दोन ‘आ’ येतात. तेव्हा ‘आन्तेस के’ वापरा: ‘प्रेफिएरो आ आना आन्तेस के आ लुइस’.

‘आय वुड रादर’ मधल्या ‘रादर’ला स्पॅनिश शब्द शोधत बसू नका. ते सगळं ‘प्रेफेरिरिया’ मध्ये मावतं. पण दुसऱ्याने काही करावं असं म्हणायचं असेल तर बघा काय होतं. ‘आय वुड रादर यू कॉल्ड मी टुमॉरो.’ उद्याची गोष्ट आणि क्रियापद भूतकाळी. स्पॅनिश: ‘प्रेफेरिरिया के मे यामारास मान्याना’, इथेही भूतकाळी संशयार्थ. मराठी: ‘तू मला उद्या फोन केलास तर बरं.’ केलास! आपणही उद्याच्या गोष्टीला भूतकाळाचं रूप देतो आणि त्याने सांगण्यातला हुकूम कमी होऊन विनंती होते. ‘उद्या फोन कर, तेच बरं’ असा थेट सूर हवा असेल तर ‘प्रेफिएरो के मे यामेस मान्याना’. कुठला सूर आहे हे मराठीतून ऐका, काळाची जोडी आपोआप जमेल.

‘रादर दॅन’चे दोन अर्थ वेगळे काढा. च्याऐवजी असेल तर ‘एन बेस दे’: ‘एन बेस दे मानेखार, कामिनो’, गाडी न काढता तो चालत गेला. आणि ‘उद्धट म्हणण्यापेक्षा लाजाळू म्हणा’ अशा धर्तीचं असेल तर ‘मास के ग्रोसेरो, एस तिमिदो’. नुसतं ‘रादर कोल्ड’ असेल तर त्यात तुलनाच नाही, ‘बास्तान्ते फ्रिओ’, बऱ्यापैकी गार.

उपमा आणि म्हणी शब्दाला शब्द नेऊ नका

इंग्रजीतली ‘अ‍ॅज… अ‍ॅज’ची ठरलेली उपमा स्पॅनिशमध्ये बऱ्याचदा ‘मास… के’ होते. इंग्रज खांबासारखा बहिरा असतो, स्पॅनिश माणूस भिंतीपेक्षा बहिरा: ‘मास सोर्दो के उना तापिया’. वटवाघळासारखा आंधळा तिथे ‘मास सिएगो के उन तोपो’ होतो, तोपो म्हणजे जमिनीखाली बिळं करून राहणारा, जेमतेम दिसणारा एक छोटा प्राणी. सोन्यासारख्या माणसाला ‘मास बुएनो के एल पान’ म्हणतात, पावाहून चांगला. मघाशी म्हटलं की ‘अधिक चांगला’साठी ‘मेखोर’ येतं, तरी इथे ‘मास बुएनो’ बरोबर आहे, कारण स्वभावाचा चांगुलपणा सांगायचा असेल तर ते रूप चालतं. एकसारखे दिसणारे दोघे म्हणजे ‘कोमो दोस गोतास दे आग्वा’, पाण्याचे दोन थेंब.

म्हणींत ‘मास बाले’ हा मोठा आधार आहे. ‘बेटर लेट दॅन नेव्हर’ म्हणजे ‘मास बाले तार्दे के नुन्का’. हातातला पक्षी इंग्रजीत झुडपातल्या दोघांना भारी पडतो, स्पॅनिशमध्ये उडणाऱ्या शंभरांना: ‘मास बाले पाखारो एन मानो के सिएन्तो बोलान्दो’. हातचं सोडून पळत्याच्या पाठी न लागण्याची शिकवण तीच, आकडा मात्र स्पॅनिशचाच ठेवायचा. आपल्या ‘दगडापेक्षा वीट मऊ’ला जवळचं ‘देल माल, एल मेनोस’ आहे आणि ‘द लेसर ऑफ टू ईव्हल्स’ आलं की मला तेच आधी आठवतं. ‘यू हॅड बेटर’ सुद्धा ‘मास बाले के’ने सुटतं, पुढे संशयार्थ: ‘मास बाले के रेसेर्बे कोन तिएम्पो’, वेळेत बुकिंग केलेलं बरं.

फाइल पाठवण्याआधी

शंका आली तर स्पॅनिश अकादमी आणि इतर देशांच्या अकादमींनी मिळून 2005 साली काढलेला ‘दिक्सिओनारियो पानइस्पानिको दे दुदास’ हा शंकानिरसनाचा शब्दकोश अकादमीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. ‘मास’, ‘मायोर’, ‘प्रेफेरिर’ या नोंदी एकदा पूर्ण वाचून काढा. एखादा प्रयोग मेक्सिकोत खरंच चालतो का हे बघायचं तर अकादमीच्याच ‘कोर्पेस’ या स्पॅनिश मजकुरांच्या संग्रहात देश निवडून शोधता येतं. मी तो उघडाच ठेवते.

मग भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधपेटी उघडा. ‘मास के’च्या लगेच पुढे आकडा आलेली सगळी वाक्यं काढा आणि ‘च्या वर’ची खूण लावून बघा. ‘मुइ मेखोर’, ‘मास मेखोर’, ‘प्रेफिएरो मास’ शोधा. ‘मायोर आ’ शोधा: लॅटिन अमेरिकेत ते खूप दिसतं, पण शब्दकोश ते मान्य करत नाही, तिथे ‘मायोर के’ किंवा ‘सुपेरिओर आ’ करा. आणि आघातचिन्ह नसलेला ‘मास’ शोधायला विसरू नका. अक्षरावरचं ते चिन्ह गळलं तर शब्दाचा अर्थ ‘जास्त’ राहत नाही, ‘परंतु’ होतो, आणि शब्दतपासणी त्याच्याखाली लाल रेघ ओढत नाही, कारण तोही खराखुरा शब्द आहे.